पाण्याची गाठ

कुणी मोसंबं सोललं की मला पिंपळे सौदागरमधल्या हॉस्पिटलची ती खोली आठवते.

पलंगावर माझी चुलतबहीण, सायलीताई. तिच्या ओव्हरीवरची मोठी गाठ पिळली गेली होती. अचानक पोटात असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या, आणि त्याच दिवशी ऑपरेशन करावं लागलं. आता चाकणहून अख्खं घर तिला बघायला आलं होतं. काकू मोसंब्याच्या फोडी सोलून तिला भरवत होती.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्याच आठवड्यात माझ्याही सोनोग्राफीत गाठ दिसली होती, पण लहान, साध्या पाण्याची. "बहुतेक आपोआप जाईल. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मधेच जोरात दुखलं तर लगेच या," असं डॉक्टर म्हणाल्या आणि घरी तो विषय संपला.

"मलापण गाठ आहे," मी हळूच म्हणाले.

"तुझं काय गं, पाणी हाय नुसतं," आत्या हसली. "सरक, पोरीला वारा लागू दे."

ताईचा इतका हेवा वाटला की माझे डोळे भरून आले.

सगळ्या चहाला गेल्यावर ताईने उरलेल्या फोडी माझ्या हातात ठेवल्या. "एका बाजूची ओव्हरी वाचली नाही माझी," ती छताकडे बघत म्हणाली. "तुझ्यासारखी गाठ मला का नाही झाली गं?"

त्या खोलीत हेवा करणारी मी एकटीच नव्हते, हे आता कळतं. तेव्हा मात्र मी फोडी खात राहिले. गोड होत्या.