गुरुवारचा जोगवा

पंचफुलाबाईने पन्नास वर्षं एक नाव तोंडातून काढलं नाही. ते तिने कसं काढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि आजही सांगायला बसले की माझा चहा गार होतो.

मी जया. लातुरात एका क्लासला केमिस्ट्री शिकवायचे. तेव्हा आमच्या गावाला मार्कांचं वेड लागलं होतं. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी बाहेरगावच्या पोरी, आणि जो तो विचारणार, “किती पडले?” वैताग नुसता! माझं जेवण पंचफुलाबाईच्या मेसमध्ये. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं औशाकडचं सासरचं घर बसलं, म्हणून ती लातूरला आली. ढिगाऱ्यातून या बाईने आधी काय काढलं असेल? डोरलं नाही, कागद नाहीत. देवीची परडी! कवड्या लावलेली, वेताची, जुनाट. मी तिला यावरून लई चिडवायचे.

त्या परडीची गोष्ट ती भाकरी थापता थापता सांगे. अठ्ठेचाळीस साल. माहूरखालच्या नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे स्वतंत्र झालेला मोकळा मुलूख आणि तिथे निजामाशी लढणाऱ्या आपल्या लोकांचं शिबिर. पंचफुला सतरा वर्षांची, माहूरच्या रेणुकेची आराधीण. जोगवा मागत पलीकडच्या वाडीत जायची आणि परडीतल्या पिठाखाली शिबिराच्या चिठ्ठ्या न्यायची. देवीच्या परडीत हात कोण घालणार? पण जोगव्याचे वार दोनच, मंगळवार आणि शुक्रवार. एकदा फार निकडीची चिठ्ठी आली. निजामासाठी गावं जाळत फिरणारे रझाकार उद्या पहाटे शिबिरावर चालून जाणार होते. पोरगी परडी उचलून धावत सुटली, आणि घाईत वारच विसरली!

नदीच्या नाक्यावरचा निजामाचा शिपाई तरणा होता. मुसलमान, पण इथलाच, त्यामुळे आपले वार त्याला पाठ.

“बाई, आज तर जुमेरात हाय, गुरुवार,” तो म्हणाला. “तुमची देवी आज कशी काय मागून राहिली?”

शिपाई वाकला. पिठातून चिठ्ठीचं टोक वर आलं होतं. मागे खाटेवर जमादार बसलेला, त्याने शिपायाला नावाने हाक मारली, “काय हाय रे?” आता संपलंच! पण शिपायाने आपल्या शिध्याच्या पिशवीत हात घातला आणि ओंजळभर ज्वारी त्या चिठ्ठीवर ओतली. “काही न्हाई, जोगवीण हाय,” तो मोठ्याने म्हणाला. मग हळूच, “परडीवर हात ठेव. तुला तुझ्या देवीची शपथ, माझं नाव कुणापाशी घेशील तर.”

शिबिर वेळेत हललं. दीडशे माणसं वाचली.

“आजी, त्याचं नाव काय?” पोरी विचारायच्या. “शपथ हाय,” आजी म्हणायची. शपथ ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणायचं, तरच ती सुटते. आम्ही लहानपणी खेळातसुद्धा हे पाळायचो. पण तो शिपाई पुढे कुठे गेला, कुणाला ठाऊक?

अठ्ठ्याण्णवचा सतरा सप्टेंबर. मराठवाडा मुक्त झाला त्याला पन्नास वर्षं पुरी. सकाळी झेंडावंदन करून पोरी मेसमध्ये जेवायला बसल्या होत्या. निलंग्याची शिवगंगा, जिच्या आजोबांचं घर रझाकारांनी जाळलं होतं, समोरच्या मनतशाकडे बघून म्हणाली, “हिला कशाला झेंडा? हिचे आजोबा निजामाच्या पोलिसात होते. रझाकारच की!”

मनतशा ताटावरून उठली. देगलूरची पोर, हुशार, महिनाच झाला होता येऊन.

“मी चालले गावी,” ती म्हणाली. “न्हाई शिकायचं मला. तिथंबी हेच, इथंबी हेच! माझे दादा रझाकार नव्हते. माहूरखाली नदीच्या नाक्यावर शिपाई होते. मकबूल नाव त्यांचं. लोक काहीबी म्हणतात अन् ते तोंडच उघडत न्हाईत!”

तव्यावरची भाकरी करपली. पंचफुलाबाईला पत्ताच नव्हता. ती ताडकन उठली, हात पिठाचे तसेच.

“कुणी कुठं जायचं न्हाई! मनतशा, दादाला फोन लागतो का?”

“त्यांच्या शेजारच्या मेडिकलात लागतो.”

बाईने देव्हाऱ्यातली परडी काखेत मारली आणि निघाली. सदुसष्ट वर्षांची बाई, पण मला पळावं लागलं! मागे उष्ट्या हातांनी अख्खी मेस. कोपऱ्यावर विरूपाक्षचा एसटीडी बूथ होता.

“कुणाला बोलवायचं, आजी?” त्याने विचारलं.

तिने ओठ घट्ट मिटले आणि मनतशाकडे बोट केलं. नाव घेता येत नव्हतं ना! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: नाक्यावरचा तो शिपाई म्हणजे मनतशाचे दादाच! मकबूलचं नाव मनतशानेच सांगितलं. मेडिकलवाला बोलवायला गेला. शेवटी रिसीव्हरमध्ये खोकला आला. मी निर्लज्जपणे कान लावला.

“कौन?”

“मी. नाक्यावरची. परडीवाली.”

तिने काखेतली परडी आवळून धरली.

“ऐकून राहिलात का? तुमच्या नातीला लोक रझाकाराची म्हणून राहिलेत. ती शिक्षण सोडून निघाली. मला बोलू द्या. सुटली म्हणा!”

“लई वाट बघितली, बाई,” तो म्हातारा आवाज म्हणाला. “मीच सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं?”

“थांबा! मला नका सांगू, हिला सांगा.” तिने रिसीव्हर परडीवर, कवड्यांना टेकवून धरला.

बारीक आवाज आला, पण सगळ्यांनी ऐकला. “सुटली. सुटली. सुटली!”

पंचफुलाबाई रस्त्याकडे वळली आणि असं ओरडली की रिक्षा थांबल्या. “मकबूल! त्या शिपायाचं नाव मकबूल! दीडशे माणसं वाचवली त्यानं, ऐका रे!”

शिवगंगाला हुंदका फुटला. ती पुढे आली आणि तिने मनतशाचा हात धरला. मनतशाने तो सोडवून घेतला नाही. मी तर मास्तरीण असून उभ्या रस्त्यात रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग बाईला फोन आठवला. “हाय का?”

“हाय,” मकबूल म्हणाला. “बाई, आज वार कोणता?”

तिने विरूपाक्षच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“जुमेरात!”

“म्हणजे तू अजून वार चुकूनच मागून राहिलीस,” तो म्हणाला, आणि दोघंही हसायला लागली. त्या दुपारी मनतशा माझ्या टेस्टला बसली. तिच्या खांद्यावर पंचफुलाबाईच्या पिठाच्या हाताचा ठसा होता, तो तिने झटकला नव्हता.