पानांचे कापलेले आकडे

प्रकल्पावर सही घ्यायच्या दिवशी सकाळी आमच्या नर्सिंग कॉलेजची मासिके बांधणीहून परत आली. बेल्लमपल्लीतले ते माझे शेवटचे वर्ष. आमच्याच जिल्ह्यातल्या नार्नूरकडे घरी होणाऱ्या बाळंतपणांवरचा एकच लेख त्या गठ्ठ्यात होता. माझ्या संशोधन-आढाव्यातले बाकी सगळे लेख दूरच्या शहरांचे होते. जाड खंड उघडला तसा खळीचा ओला वास आला. लेख सापडला, पण बांधणाऱ्याने कडा कापताना पानांचे आकडेही कापले होते आणि अनुक्रमणिका छापलेली मुखपृष्ठे फेकून दिली होती. आकडे वर्षभराच्या अंकांतून सलग चालत आणि पहिलाच अंक हरवलेला, त्यामुळे पाने मोजूनही उपयोग नव्हता. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “पेज नंबर नहीं, तो आर्टिकल नहीं.” मैत्रिणीने त्याच खंडातला दुसरा लेख घेतला होता. ती कुजबुजली, “काऊन रडून राह्यली वो? टाक अंदाजानं. मॅडम काय पानं मोजाले बसते?” तिने आकडे टाकले; तिला लगेच सही मिळाली. मी टाकले नाहीत. मॅडमनी त्या लेखावरचा माझा परिच्छेद लाल शाईने खोडला आणि खाली सही केली. आज मुलीच्या फाटक्या पुस्तकाला खळ लावताना तोच वास आला, म्हणून प्रकल्पाची ती जुनी फाइल काढली. लाल रेघेखालचा परिच्छेद सोडला तर आढाव्यात आमच्या जिल्ह्याचे नाव कुठेही नाही.