वैशाखातली पिसगळ

आमची वस्ती श्रीगोंद्याजवळ, उसाला लागून. उसात बिबट्या दिसला आणि सासूबाईंनी कोंबड्यांपायी धसकाच घेतला. दुपारचे चार वाजले की त्या सगळ्यांना खुराड्यात कोंडायच्या, वर जाड गोणपाट टाकायच्या आणि सकाळी उन्हं चांगली वर आल्याशिवाय दार उघडायच्या नाहीत. मी म्हणायचे, "आई, बिबट्या काय घड्याळ बघून येतो?" त्या गोणपाट आणखी खाली ओढायच्या.

वैशाखात अंडी बंद झाली. मग पिसं गळायला लागली. खुराडं झाडलं की सूपभर निघायची. तांबड्या कोंबडीची तर मान पार उघडी पडली. शेजारच्या चुलतसासूबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "रोग हाय ह्यो. मरायच्या आत इकून टाका." झालं! सासूबाईंनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. पिल्लं असल्यापासून हाताने दाणे चारून वाढवलेल्या कोंबड्या. त्या दिवशी सासूबाईंना घास गेला नाही. मला चुलतसासूबाईंचा असा राग आला की विचारू नका.

मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सासूबाईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. कोंबड्या खातायत, हिंडतायत, हे ऐकून ते म्हणाले, "उघड्या जागेवर बोट फिरवा. बारीक खुंट लागतात?" सासूबाईंनी तांबडीची मान चाचपली. लागत होते.

"मग ही नवी पिसं. कोंडता कधी?"

मी सांगितलं.

"तिथंच झालंय. कोंबडीचं शरीर उजेडावर चालतं. दिवस लहान झाला की अंड्याची हार्मोन्स उतरतात, अंडी थांबतात. मग थायरॉइडच्या हार्मोनच्या जोरावर जुनी पिसं पडून नवी येतात. एरवी हे थंडीच्या तोंडावर होतं, तुम्ही त्यांना वैशाखातच हिवाळा दाखवलात. उजेड द्या, चांगलं खाऊ घाला."

सासूबाई खालीच बसल्या. "म्हंजी म्याच केलं व्हय हे? वाचवाया गेले न्..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. व्यापाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले तरी खुराडं उघडंच. बाहेर जाऊन बघते तर उसाच्या कडेला पोतं टाकून, हातात काठी घेऊन सासूबाई बसलेल्या. तोंड उसाकडे. पाठीमागे बोडक्या मानांच्या कोंबड्या माती उकरत होत्या.

"अहो आई, बिबट्या आला म्हणजे?" मी ओरडलेच.

"यू दे," त्या मान न वळवता म्हणाल्या. "त्यांच्या आधी मी हाय की हितं."