एर्मा ड्रायबेलबिसचं पाकीट

शॅफनर्स रन टाउनशिपमध्ये एर्मा ड्रायबेलबिसची ओळख दोन गोष्टींमुळे होती. एक तिच्या हातचा शूफ्लाय, म्हणजे काकवीचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणि दुसरा तिचा नवरा. शूफ्लायबद्दल लोक आपण होऊन चांगलं बोलत. नवऱ्याबद्दल चांगलं बोलायचं काम नवरा स्वतःच करत असे, त्यामुळे लोकांना तेवढी तसदी पडत नसे.

हार्लन ड्रायबेलबिस टाउनशिपचा सुपरवायझर होता. सुपरवायझर म्हणजे काही राज्यपाल नव्हे. तिघे जण असतात, महिन्यातून एकदा बसतात, आणि खड्डे, गटारं, कुणाचं कुत्रं सुटलं यावर घसा कोरडा करतात. पण रस्त्यांचा कारभार हार्लनकडे होता. आणि पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात जिथे थंडीत दार उघडलं की समोर बर्फाची भिंत, तिथे बर्फ ढकलणारा ट्रक आधी कुणाच्या रस्त्याला जाणार हे ज्याच्या हातात, तो राजाच. हार्लन हे जाणून होता. ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांना तो कळवून देत असे.

कोल्ड हॉलोच्या रस्त्याला ट्रक सगळ्यांत शेवटी जायचा. तिथे एर्माची सख्खी बहीण ब्यूला राहायची. ब्यूलाच्या नवऱ्याचं, क्लेटनचं, डुक्कर एका जत्रेत हार्लनच्या डुकराच्या वरचढ ठरलं होतं आणि क्लेटन तेव्हा हसला होता. एवढंच. ते डुक्कर लोकांनी कधीच खाऊन पचवलं. हार्लनला मात्र ते अजून पचलं नव्हतं. नाताळ उलटला की कोल्ड हॉलो जे बंद व्हायचं ते ईस्टरच्या सुमारास मोकळं व्हायचं. हाकेच्या अंतरावरच्या दोघी बहिणी हिवाळाभर फोनवर बोलत बसायच्या. ब्यूलाचे गुडघे गेले होते, क्लेटनला नीट ऐकू येत नव्हतं, आणि एर्मा खिडकीतून त्या बाजूच्या धुराकडे बघत बटाटे सोलायची. एकदोनदा तिने विषय काढला होता. "क्लेटनला फावडं चालवायला काय झालं?" असं उत्तर आलं. मग एर्मा "हो, हार्लन" म्हणाली. लग्नाच्या चाळीस वर्षांत तिने सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य तेच होतं.

या वेळच्या निवडणुकीत हार्लनसमोर ट्रूडी उम्बर्गर उभी राहिली. ट्रूडी शाळेची बस चालवायची. तिच्याकडे भाषण नव्हतं, पैसा नव्हता, एकच पाटी होती: "बस जाते तिथे ट्रक आधी." शाळेची बस कोल्ड हॉलोला जात होती.

"बाई माणूस आणि रस्ते," हार्लन जेवताना म्हणाला. "तिला आरशात बघून गाडी मागे घेता येते, एवढ्यावर ती निवडणूक लढवतेय."

तरी त्याने धोका पत्करला नाही. घरची मतं घरातच पक्की व्हावीत म्हणून त्याने दोघांसाठी टपालाने मतपत्रिका मागवल्या. एका संध्याकाळी ताटं बाजूला सारून त्याने एर्माच्या पुढ्यात तिची मतपत्रिका ठेवली, आपलं पेन दिलं, आणि चष्मा लावून शेजारी बसला.

"हा गोल. पूर्ण काळा कर. बाहेर जाऊ देऊ नकोस."

"हो, हार्लन."

एर्माने गोल काळा केला. हार्लनने मान हलवून पसंती दिली, पाकिटाला स्वतः जीभ लावली, तिची सही घेतली आणि सकाळी पोस्टात टाक म्हणून तो झोपायला गेला. पोस्ट गावात होतं. कोळशाची शेगडी हाताशी होती. एर्माने शेगडीचं झाकण उचललं, पाकीट आत टाकलं आणि ते पुरतं जळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. पुरावा म्हणून राखेचा कपटा मागे ठेवणाऱ्यातली ती नव्हती. तिची आईही खिशात सापडलेली सिगारेट असो की नको असलेलं पत्र, शेगडीतच घालायची. या भागातल्या बायकांना दुसरी तिजोरी ठाऊक नाही.

इथेच ती चुकली.

मतदान फायर हॉलमध्ये असतं. आगीचा बंब अंगणात काढून ठेवतात. एका बाजूला मतदानाची टेबलं, आणि दुसऱ्या बाजूला फायर कंपनीच्या बायका कोंबडी-मक्याचं सूप आणि शूफ्लाय विकतात. लोकशाही आणि बंबाचे टायर, दोन्हींचा खर्च त्यातूनच भागतो असं म्हणायला हरकत नाही. एर्मा शूफ्लायच्या टेबलावर होती. हार्लन बाहेर, कायद्याने आखलेल्या रेषेला बुटाची टोकं चिकटवून, येणाऱ्याजाणाऱ्याचे हात पिळत होता. गर्दी ओसरली तशी एर्माने हात पुसले आणि ती हॉल ओलांडून लव्हायना फ्रायसमोर जाऊन उभी राहिली. लव्हायना केंद्रप्रमुख. त्या पदाला तिथे जज्ज म्हणतात, आणि निवडणुकीच्या दिवशी लव्हायना तो शब्द दागिन्यासारखा घालून बसायची.

"अगं, तुझं मत टपालाने गेलंय ना? यादीत तसं आहे."

"गेलं नाही. सफरचंदाचा मुरंबा सांडला त्यावर."

"मग मुरंब्यासकट घेऊन ये. इथे जमा करायचं, मी ते फाडते, आणि तू इतरांसारखी मत दे. मशीनमध्ये गेलं की कुणाचं कुठलं ते देवालाही कळत नाही."

"आणता नाही यायचं. शेगडीत गेलं."

लव्हायनाने चष्म्यावरून बघितलं. तिने चाळीस वर्षं हार्लनच्याच रस्त्यावर काढली होती. पुढे तिने काही विचारलं नाही.

"तर मग तात्पुरतं मत," ती म्हणाली. "तुझं टपाल आलं नाही याची खात्री होईपर्यंत ते पाकिटात बंद राहील. पाकिटावर तुझं नाव. भरण्याआधी एक सही, भरल्यावर एक. दुसरी विसरलीस तर बाद."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे एर्माने ट्रूडी उम्बर्गरचा गोल काळा केला. बाहेर अजिबात जाऊ दिला नाही. तिला आता सराव होता. दोन्ही सह्या केल्या, पाकीट चिकटवलं, आणि टेबलावर परत येऊन स्वतःच्याच शूफ्लायचा तुकडा पैसे टाकून खाल्ला. तिला फार बरं वाटलं, लहानपणी शाळा बुडवून ओढ्यावर गेल्यावर वाटायचं तसं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. हार्लन आणि ट्रूडीला अगदी सारखी मतं पडली होती. आता सगळा खेळ तात्पुरत्या मतांच्या मूठभर पाकिटांवर आला.

"तुझं त्यातलंच ना?" हार्लन म्हणाला. मुरंब्याची गोष्ट त्याला सांगावीच लागली होती. "बघ, देवाची करणी. मुरंबा सांडला म्हणून तुझं मत अजून शिल्लक आहे."

कोर्टाच्या इमारतीत निवडणूक मंडळ बसलं. हार्लनने शहरातून वकील आणला होता, ट्रूडीच्या पक्षानेही. दोघांच्या बॅगा सारख्या, टाय सारखे, आणि कामही एकच: आपल्या विरोधातलं वाटेल ते पाकीट उघडू द्यायचं नाही. आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा पाकिटावरच्या नावावरून मत ओळखायचं असं ठरलं. लोकशाहीला गुप्त मतदान हवं असतं, वकिलांना नसतं.

एकाने दुसरी सही केली नव्हती. हार्लनचा वकील उठला, बाद. एकाने दोन्ही सह्या एकाच ओळीवर केल्या होत्या. ट्रूडीचा वकील उठला, बाद. एका शिकाऱ्याने मत गुप्त राहावं म्हणून दिलेलं आतलं छोटं पाकीट वापरलंच नव्हतं, कारण त्याला ते वाया घालवायचं नव्हतं. एका म्हाताऱ्याने सुरक्षेसाठी सगळ्याला बाहेरून चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती काढताना काय फाटेल यावर दोन विद्वान तासभर भांडले. बाद. माणसं गाड्या काढून, रांगेत उभी राहून मत द्यायला आली होती आणि त्यांच्या मताचा चोथा असा टेबलावर पडला होता. बघताना एर्माला लाज वाटत होती, त्या माणसांची कीवही येत होती.

शेवटी एकच पाकीट उरलं. त्यावर तिचं नाव होतं.

ट्रूडीचा वकील तरी उठलाच. उमेदवाराच्या बायकोचं पाकीट, आत काय असणार ते शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तो म्हणाला की वरची सही आणि खालची सही जुळत नाहीत, खालच्या सहीत हात थरथरलेला दिसतो, सबब हे पाकीट बाद करावं आणि बरोबरी धरून कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या काढाव्यात. एर्मा त्याच्याकडे डोळे लावून बसली. सबंध इमारतीत तिचा तारणहार तो एकटाच होता, आणि तिला बुडवायला निघालेला स्वतःचा नवरा होता.

"एकच मत उघडलं, तर बाईंनी कुणाला दिलं ते आख्ख्या जिल्ह्याला कळेल," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. ते मवाळ गृहस्थ होते, घरी जायची त्यांना घाई होती. "हे मला प्रशस्त वाटत नाही."

"माझ्या बायकोला लपवण्यासारखं काही नाही, साहेब," हार्लन उठून म्हणाला. "चाळीस वर्षांत तिने माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. हवं तर तिला विचारा."

थोडी सुट्टी झाली. एर्माने त्याला पाणपोईपाशी गाठलं.

"हार्लन, राहू दे ना ते. चिठ्ठ्या काढू दे त्यांना."

"चिठ्ठ्या? घरात मत असताना मी नशिबाच्या दारात जाऊ?"

"हरलास तर हरलास. बाकीचे दोघे आहेत की रस्त्यांना."

"हरतोय कोण?" हार्लन हसला. तिच्या खांद्यावर त्याने थोपटलं, अगदी प्रेमाने. "तू घाबरू नकोस. मला फक्त परत बसू दे. कोल्ड हॉलोवाल्यांनी त्या बाईची पाटी आपल्या कुंपणाला लावलीय, क्लेटननेसुद्धा. या वर्षी ट्रक शेवटीसुद्धा जाणार नाही तिकडे. ईस्टरला बघू."

एर्माने त्याच्याकडे बघितलं. मग कागदी पेला टोपलीत टाकला.

"चल," ती म्हणाली.

अध्यक्षांनी तिला पुढे बोलावलं. शपथेचं पुस्तक काढणार तोच कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. एर्मा ब्रेदरन पंथाची. ती माणसं शपथ घेत नाहीत. त्यांचं हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. त्यावर देवाची साक्ष काढावी लागत असेल तर बोलणाराच खोटा, असं ती मानतात. अध्यक्षांनी पुस्तक मिटलं.

"बाई, या सह्या तुमच्याच आहेत का?"

"तिच्याच आहेत," हार्लन मागून म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

एक शब्द पुरला असता. नाही म्हटलं असतं तर पाकीट जसंच्या तसं राहिलं असतं, चिठ्ठ्या निघाल्या असत्या आणि रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं असतं. तसं म्हणणं खोटं ठरलं असतं, हे एक. पण तिला अडवलं ते तेवढ्यानेच नाही. ब्यूलाचा फोनवरचा आवाज तिच्या कानात होता: "तुझ्याकडचा दिवा दिसतो गं मला."

"माझ्या आहेत," एर्मा म्हणाली. "दोन्ही. खालच्या वेळी हात जरा कापत होता, ते खरं आहे."

ट्रूडीच्या वकिलाने कपाळाला हात लावला. हार्लनच्या वकिलाने टाय सारखा केला. कारकुनाने बाहेरचं पाकीट कापलं, मग आतलं, मतपत्रिका उलगडली आणि घसा साफ केला.

"सुपरवायझर. उम्बर्गर."

ज्या वकिलाने ते मत बाद करायला जंग जंग पछाडलं होतं तो जिंकला होता, आणि त्याला आनंद कसा दाखवावा ते सुचेना. ट्रूडी मात्र एर्माकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

हार्लनचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत एर्माने त्याला असं एकदाच बघितलं होतं, डुकराच्या त्या जत्रेत. तिला त्याची दया आली; ती नव्हती आली असं कुणी समजू नये.

"ती गोंधळली," तो अध्यक्षांना म्हणाला. "गोल जवळजवळ असतात. एर्मा, तू गोंधळलीस ना? सांग त्यांना."

सगळे तिच्याकडे वळले. तिचं ठरलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं.

"नाही," एर्मा म्हणाली.

पंथाच्या नियमाप्रमाणे तेवढं पुरेसं होतं.

हार्लन बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला ती शिक्षा आहे असं त्याला वाटत होतं, आणि तिने त्याचा गैरसमज दूर केला नाही. गावात तो सांगत राहिला की कारकुनाने नाव चुकीचं वाचलं. लोक मान हलवत आणि त्याला कॉफी पाजत. जो तो त्याच्याच बाजूचा असल्यासारखा वागे, पण ड्रायबेलबिसांच्या घरावरून जाताना मात्र सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे जात.

जानेवारीत ट्रूडीने शपथ घेतली, आणि त्याच आठवड्यात दोन दिवस बर्फ पडला. सकाळी ट्रकचा आवाज आला तेव्हा हार्लन न्याहारीला बसला होता. आवाज दारापाशी न थांबता चढावरून कोल्ड हॉलोकडे गेला. हार्लनने चमचा खाली ठेवला. आपल्या दारातला बर्फ आज आपल्यालाच काढावा लागणार हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"फावडं कोठीत आहे," एर्मा म्हणाली. तिने कोट चढवला, बूट घातले, शूफ्लाय फडक्यात बांधला आणि ती पायीच निघाली.

ब्यूलाने दार उघडलं आणि चौकट धरून ती बघतच राहिली. जानेवारीत या दारात बहीण उभी आहे हे तिच्या डोळ्यांना खरं वाटेना.

"तू कशी गं आलीस?"

"रस्त्याने," एर्मा म्हणाली, आणि आत जाऊन तिने स्वतःच्या हाताने कॉफी ठेवली.