जेवायला घरी येणारा माणूस

परवा भर दुपारी आमच्या दारात एक पिकअप येऊन थांबली आणि हॉर्न वाजायला लागला... आम्ही दोघं जेवायला बसलो होतो.

त्या हॉर्नचं सांगतेच. पण आधी माझ्या मिस्टरांबद्दल सांगायला हवं.

सुभाष त्यांचं नाव. तलवाड्यात मोटारी भरून देतात. म्हणजे शेतातली पाण्याची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. उन्हाळ्यात दुकानापुढं जळालेल्या मोटारींची रांग लागते आणि प्रत्येकालाच घाई... पीक कुणासाठी थांबतं?

गेल्या वर्षापर्यंत ते चहासुद्धा उभ्या उभ्या प्यायचे. दुपारचा डबा दुकानातच. एका हातात भाकरी, आणि मान वाकडी करून खांद्यावर धरलेला फोन. संध्याकाळी अर्धा डबा तसाच परत यायचा.

मग एक दिवस दुकानातच चक्कर येऊन पडले. बीडला नेलं. बीपी एवढं वाढलेलं की डॉक्टर आमच्याकडं बघतच राहिले. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळी तिचं काम करील. पण तुम्ही जरा दमानं घ्यायची सवय लावा."

मला वाटलं, चार दिवस ऐकतील आणि विसरतील. पण ह्या माणसानं ते मनावर घेतलं. एकदम नाही... एकेक करून.

आधी चहा बसून. पेपर नाही, फोन नाही, नुसता चहा. मग गाडी घरी ठेवून दुकानात पायी जायला लागले. मग एका वेळी एकच मोटार उघडायची, ती झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आणि शेवटी... दुपारी शटर ओढून जेवायला घरी.

लोक बोललेच. "सुभाष आता साहेब झाला, जेवायला घरी जातोय." काही गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात गेली, ती गेलीच. मलाही धास्ती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण सकाळी ते पायरीवर बसून शांतपणे चहा पिताना दिसले की वाटायचं, असू दे... माणूस तर आहे समोर.

घरी जेवायला लागल्यावर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ताटावरून मान वर करून म्हणाले, "तू कावून बसत न्हाईस गं सोबत?"

मी म्हटलं, "मग गरम भाकरी कोण वाढणार?"

"आधी करून ठेव. गार झाली तर झाली. मला कुठं पळायचं हाय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसायची मला चक्क लाज वाटली. सुरुवातीला मी नुसते घास चिवडत बसायचे. मग सवयीनं मी भरभर खाऊन उठायचे. ते हसायचे, "एसटी सुटतीय का तुझी?"

तर परवाचा हॉर्न. पिकअपमध्ये राजाभाऊ होते. गावातले मोठे बागायतदार, आमचं निम्मं काम त्यांच्याच विहिरींवरचं. मागं जळालेली मोटार टाकलेली. दारातूनच ओरडले, "सुभाष, जेवतोस काय बे! तिकडं मोसंबी सुकायला लागली. ऊठ!"

मी अर्धवट उठलेच. ह्यांनी माझं मनगट धरून खाली बसवलं. "राजाभाऊ, या. हात धुवा, चार घास खा. जेवण झालं की तुमचीच मोटार घेतो."

"मला न्हाई येळ जेवायला!" म्हणत ते दारातल्या ओट्यावर टेकले. फोन काढला, परत खिशात ठेवला. पाय हलवत राहिले.

माझं सगळं लक्ष ओट्याकडं. हे मात्र रोजच्यासारखे... भाकरी आमटीत कुस्करतायत, शेवग्याची शेंग चोखतायत. त्यांचं ताट रिकामं झालं तशी मी मनात म्हटलं, सुटले बाई! आणि माझं ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच होती.

राजाभाऊ उठले. "झालं ना? चल."

"माझं झालं," हे म्हणाले. "हिचं व्हायचंय अजून."

राजाभाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या ताटाकडं. मला वाटलं, आता राजाभाऊ मोटार घेऊन जातील आणि सोबत आमचं निम्मं कामही. मी हळूच म्हटलं, "अहो, झालंय माझं." ह्यांनी ताट परत माझ्यापुढं सरकवलं आणि त्यात पळीभर आमटी वाढली.

राजाभाऊ पुन्हा ओट्यावर बसले. "खा वैनी, सावकाश खा." आवाज उतरला होता. मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "आमची मंडळी कवा जेवती, मला म्हाईत बी न्हाई."

मी खाल्लं. भाकरी गार झाली होती आणि डोळे भरल्यामुळं ताट नीट दिसत नव्हतं... तरी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. तोवर दोघंही थांबले.

काल दुपारपर्यंत मोटार भरून, वाळून विहिरीवर गेली. मोसंबीला पाणी सुटलं.

मोबाईलवर 'स्लो लिव्हिंग'चे व्हिडिओ मीही बघते. सुंदर असतात. आमच्या ह्यांनी त्यातला एकही पाहिलेला नाही. ते हळू झाले स्वतःचा जीव सांभाळायला... त्यात माझाही घास सांभाळला जाईल, हे मला कुठं माहीत होतं?

ते फेसबुकवर नाहीत, म्हणून बिनधास्त लिहिते... लई भारी माणूस मिळालाय मला.