पोस्टमनची पावलं

आमची ताई म्हणजे शब्दाला शब्द. समोर गिऱ्हाईक असो की डॉक्टर, कोणाचं निमूट ऐकून घेणं तिच्या रक्तातच नाही. खाली आमचं शिवणकामाचं दुकान, वर आम्हा दोघी बहिणींचं घर आणि मधे अरुंद लाकडी जिना. ताई कापड बेतते, कापते. मी मशीनवर बसते आणि बोलणी खाते.

तिच्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. ताईचा डावा पाय मनाचा राजा झाला होता. मनात आलं तर चालायचा, नाहीतर रुसून बसायचा. जिना सुटला की दुकान सुटलं, हे तिला कळत होतं. चाकांची खुर्ची मी आधीच आणून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली होती. ताईने तिच्यावर कापडाचे तागे रचून टाकले.

रुग्णालयात या आजाराच्या लोकांना पुन्हा नीट चालतं करण्याचं संशोधन चाललं होतं. तिथे पेशंटला प्रयोगातला उंदीर समजत नसत. टेबलाभोवती डॉक्टरांच्या बरोबरीने बसवत, आणि काय करायचं, कसं करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवत. ताईला तर बोलायला आयतंच मैदान मिळालं.

ठेका ऐकत चाललं की पाय ऐकतात, असं संशोधक बाईंचं म्हणणं होतं. म्हणून कानात यंत्राची टकटक लावून पाहिली. सगळे वैतागले. "मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे?" ताई म्हणाली. बरीच वादावादी झाली आणि त्या वादावादीतूनच कल्पना निघाली, की टकटकीऐवजी माणसाच्या पावलांचा आवाज ऐकवावा. ज्यांचं चालणं अजून बऱ्यापैकी शाबूत होतं, त्यांची पावलं लाकडी व्हरांड्यात रेकॉर्ड केली. त्याच बैठकीत एक नियमही झाला, तो ताईने हट्टाने करायला लावला. "माणूस गेला की त्याची पावलं त्याच दिवशी पुसायची. मेल्यावरही कोणाच्या कानात राबायचं की काय?"

ताईने पावलं निवडली ती एका निवृत्त पोस्टमनची. त्यांनाही हाच आजार, पण सौम्य. "जन्मभर लोकांचे निरोप पोचवले, आता माझेच पोचेनात," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. त्यांचं डावं पाऊल घट्ट पडायचं, उजवं जरा घसटायचं. टप्, सर्र. टप्, सर्र. मधेच थांबायचे, कोणाच्या तरी दारासमोर उभं राहिल्यासारखे. जन्माची सवय जाणार कुठे?

ती पावलं कानात घालून ताई चालू लागली. हळूहळू जिना चढली, उतरली. मला इतका आनंद झाला की मी गिऱ्हाइकांसमोरच रडले.

मग एका दुपारी दोरा तुटला म्हणून मी मशीन थांबवलं, आणि छतावरून आवाज ऐकू आला. टप्, सर्र. हुबेहूब पोस्टमनची चाल. पावलं जिना उतरून खालच्या दारामागे आली आणि थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग दार उघडून ताई आत आली. तिचा अधू पाय डावा, पण घसटत होता तो उजवा.

"का गं थांबलीस?" मी विचारलं.

"कुठे थांबले? काहीतरीच तुझं."

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढे थंडीत पोस्टमन झोपेतच गेले. संशोधक बाईंचा फोन आला. "ताई, नियम आपण सगळ्यांनी मिळून केलाय, तसा बदलताही येईल. तुम्ही म्हणाल तर बैठक बोलावते." ताईची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली, ते मी पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर बोलले होते मी. पुसा."

फोन ठेवून तिने हेडफोन डब्यात घातला आणि डबा माझ्या हातात दिला. "उद्या खुर्चीवरचे तागे काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तागे उचलत होते. डबा माझ्या समोर फळीवर होता. आणि वरून आवाज आला. टप्, सर्र. टप्, सर्र. पावलं जिना उतरली, दारामागे थांबली. पुढे होऊन दार उघडायचं धाडस मला होईना. शेवटी ताईच दार ढकलून आत आली, कात्री घेतली आणि कापायला बसली.

"तुला काही ऐकू येतं का गं?" मी विचारलं.

"काहीच नाही. पाय आपले आपण चालतात." तिने कात्री खाली ठेवली. "मला भीती वाटते गं."

ताईच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

काही आठवड्यांनी एक बाई दुकानात आल्या. पोस्टमनच्या पत्नी; आम्ही त्यांना वहिनीच म्हटलं. नवऱ्याचा जाड कोट त्यांना स्वतःच्या मापाचा करून हवा होता. "हे तुमच्या दुकानाबद्दल सांगायचे," त्या म्हणाल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मापं घ्यायला ताईला हाक मारली. वहिनी कोटाचे खिसे रिकामे आहेत ना ते चाचपत होत्या. जिना वाजू लागला. पावलं दारामागे येऊन थांबली.

"उघडंच आहे, या," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

मग त्यांचा हात खिशातच थिजला.

दार उघडून ताई आत आली. वहिनी तिच्या पायांकडे बघत राहिल्या, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पायांकडे. ताईने त्यांना सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. "वहिनी, तुम्हाला हे सहन होत नसेल तर सांगा," ती शेवटी म्हणाली. "मी खुर्चीत बसते. खुर्ची तयार आहे."

वहिनींनी कोटाची बाही दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

"चाला तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांना आवडलं असतं. फक्त आमच्या घरावरून जाऊ नका. मी दार उघडेन."

कोट त्यांनी तसाच परत नेला. बाजाराची सरळ वाट त्यांच्या दारावरूनच जाते. आम्ही दोघी मागच्या रस्त्याने वळसा घालून जातो.