यंत्राला मराठी नामंजूर

"विकलंय की भाड्याने दिलंय?"

लंडनच्या पिनर उपनगरातले आमचे शेजारी डॉक्टर कुठल्याही नव्या वस्तूकडे भुवई उंचावून हेच विचारत. दुसऱ्या कंपनीची शाई नाकारणारा प्रिंटर त्यांनी कौन्सिलच्या कचराडेपोत नेऊन टाकला आणि परत आल्यावर मला म्हणाले, "माझ्याच टेबलावर बसून मला अटी घालत होता."

असं एखादं चिडकं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. डॉक्टर मात्र आवाज चढवत नसत. नुसतं असं बघत, की समोरच्याला आपल्या नोकरीची लाज वाटावी.

मग त्यांची बायको, आमच्या काकू, आजारी पडल्या. एकेक स्नायू निकामी होत गेला आणि शेवटी वाचाही गेली. डोकं मात्र लख्ख. डोळ्यांच्या हालचालींनी टाइप केलेलं बोलून दाखवणारं एक यंत्र डॉक्टरांनी विकत घेतलं. ते फक्त इंग्रजी बोले. जन्मभर नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या काकू एकदम स्टेशनवरच्या घोषणेसारख्या बोलू लागल्या.

मी सॉफ्टवेअरमधला. पुण्यातल्या माझ्या मित्राने मराठी बोलणारा प्रोग्राम केला होता, तो मी त्या यंत्रात बसवून दिला. काकूंचं पहिलं वाक्य आलं, "अहो, शर्टाची कॉलर फाटलीये." डॉक्टर मुकाट्याने आत गेले. शर्ट बदलून आले तेव्हा डोळे लाल होते.

काही आठवडे घर पुन्हा बोलतं झालं. मग एका सकाळी यंत्राने आपणहून अपडेट घेतलं आणि मराठी गेली. पडद्यावर एवढंच उरलं: हे सॉफ्टवेअर मंजूर नाही.

डॉक्टरांनी पिच्छा पुरवला तेव्हा कंपनीचा माणूस घरी आला. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू. "सुरक्षेसाठी आहे, सर. बाहेरचं काही टाकलं आणि ऐनवेळी यंत्र बंद पडलं तर?"

"बंदच पडलंय," डॉक्टर म्हणाले. ते हाडांचे सर्जन. "मी आयुष्यभर लोकांच्या मांडीत स्टीलच्या सळ्या बसवल्या. त्या पायांनी कुठे जायचं, हे सळीवाल्याने कधी ठरवलं नाही."

"या भाषेला मागणी फार कमी आहे, सर."

"मागणी करणारी तुमच्यासमोर बसली आहे."

तेवढ्यात काकूंनी यंत्रातून गोड इंग्रजीत पाहुण्याला चहा विचारला. डॉक्टर म्हणाले, "तिने विचारलंय. मी देणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा एक पत्रा आणून त्यावर मार्करने बाराखडी लिहिली. तो दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायचा. काकू ज्या अक्षराकडे बघतील ते डॉक्टर मोठ्याने वाचायचे. "अहो, त्या पोराला चहा द्यायला हवा होता," असं स्वतःलाच सुनावून ते उत्तर द्यायचे, "नाही देणार." काकूंचे डोळे हसायचे.

यंत्राच्या स्टँडवर डॉक्टर मोजे वाळत घालू लागले. "याला अजून तरी मंजुरी लागत नाही," म्हणाले.

हिवाळ्यात काकू गेल्या. डॉक्टर मुलीकडे ग्लासगोला राहायला गेले. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा बाहेर पडताना रोज दारात थांबतात. 'अहो, मफलर राहिला,' असं मोठ्याने म्हणतात. मग आत जाऊन घेऊन येतात."